एस्टीमसाठी 256 की 280 अंशांचा कॅम?

कार्बोरेटरवाल्या मारुती एस्टीमच्या इंजिनचं हेड उतरवलंच आहे, तर कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून टाकू, असं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: 256 की 280? (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, ते क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत.) माझ्या 1298 सीसीच्या गाडीत 256 आहे, मित्राच्या तशाच गाडीत 280. गेल्या गाळप हंगामात आम्ही गाड्यांची अदलाबदल करून दोन्ही भरपूर चालवल्या. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एकही चढवलेली नाही, तेव्हा पुढचं सगळं पायाला आणि कानाला जाणवलेलं.

280 चं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. साताऱ्यात समर्थ मंदिरावरून निघालात आणि यवतेश्वरचा घाट रिकामा मिळाला, तर 4000 आरपीएमच्या पुढे ती गाडी थांबायचं नाव घेत नाही. माझा 256 साडेपाच हजारांच्या आसपास दमतो, 280 तिथे कुठे रंगात येतो. आवाजाचं तर विचारूच नका. पोवई नाक्यावर धडधडत उभी राहिली की पोरं वळून बघतात. माझ्या गाडीत कॅम बदललाय हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

पण कोरेगाव रोडवर मात्र 280 नको नको झाला. हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, समोरून एसटी. ओव्हरटेकला जागा नाही, मग दुसऱ्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवर रेंगाळत राहायचं. इथे ती गाडी हुंदके देते. ॲक्सिलरेटर हलका ठेवला तर ओढत नाही, जरा जास्त दिला की उसळून थेट ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाकडे झेपावते. शेवटी पहिला गिअर आणि हाफ क्लच. बरं, रस्ता मोकळा झाला तरी पाय दाबून गाडीच्या मर्जीची वाट बघायची, तोवर समोरून दुसरी ट्रॉली हजर. त्याच जागी 256 दुसऱ्या गिअरमध्येच मुकाट ओढतो.

कारण सरळ आहे. 280 मध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण वर येणारा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. त्यात ओव्हरलॅपची, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याची भर. आमच्या कॅमचं लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, माथ्यांमधलं अंतर) अनुक्रमे 110 आणि 108 अंश; त्याची दुप्पट कॅमच्या अंशांतून वजा केली तर ओव्हरलॅप 256 ला 36 अंश आणि 280 ला 64. तेवढा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह उघडे, म्हणून जळलेला गॅस ताज्या मिश्रणात मिसळतो आणि आयडलिंग हजार-अकराशेच्या खाली टिकत नाही. पीयूसीवाला नेमका आयडलिंगलाच नळी घालतो. या वयाच्या गाड्यांना सीओ 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमची मर्यादा आहे. मित्राला दरवेळी मिक्श्चर स्क्रूशी खेळत बसावं लागतं.

हेड फेस करून (खालून थोडं घासून) कॉम्प्रेशन वाढवलं, वर मोठा कार्बोरेटर बसवला, तर 280 चं दुखणं बरंच कमी होतं म्हणे, आणि ते पटण्यासारखं आहे. मित्राच्या गाडीच्या हेडला हात लागलेला नाही, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी धरलं तरी चालेल. पण मग खर्च कॅमपुरता राहत नाही.

जुनाच कॅम ग्राइंड करून घेण्याचाही पर्याय आहे. स्वस्त पडतो. मात्र त्यात बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान होतं, रॉकरचा (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या पट्टीचा) कोन बदलतो, आणि लोबवरचा कडक थर किती उरला ते बघून कळत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

गाडी आठवडाभर झाकून ठेवून फक्त रविवारी पहाटे कासला न्यायची असेल, तर 280 जरूर घ्या, पैसे वसूल होतील. तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची आणि मागच्या सीटवर आईलाही बसवायचं असेल, तर मी तरी 256 च म्हणेन. कोणताही घेतला तरी रॉकर नवे टाका, लोबला असेंब्ली पेस्ट (बसवताना लावायचं घट्ट वंगण) लावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलिंगला सोडू नका. वीसेक मिनिटं 2000 च्या आसपास फिरू द्या, मगच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा तपासा.