टेलिमेट्रीचं मॉड्युलेशन कोणतं घ्यावं: पीसीएम-एफएम, एसओक्यूपीएसके-टीजी की आर्टम सीपीएम?

अमेरिकेतल्या लष्करी चाचणी उड्डाणांची टेलिमेट्री, म्हणजे विमानातली मोजमापं रेडिओनं जमिनीवर पाठवणं, मुख्यतः १४३५–१५२५ (एल बँड), २२००–२२९० आणि २३६०–२३९५ मेगाहर्ट्झवर चालते. २३१०–२३६० चा तुकडा १९९० च्या दशकातच हातचा गेला. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर याहून उंच फ्रिक्वेन्सीच्या सी बँडची भर पडली, पण गर्दी काही हटली नाही. कारण साधं आहे: ४० हजार फुटांवरच्या विमानाचा सिग्नल साडेचारशे किलोमीटरपर्यंत दिसतो. एडवर्ड्स आणि चायना लेक हे कॅलिफोर्नियातले चाचणी तळ तर एकाच आकाशात उडवतात, त्यामुळे तीच फ्रिक्वेन्सी त्याच वेळी दुसऱ्याला देता येत नाही.

आयरिग १०६ या टेलिमेट्रीच्या मानकातले मॉड्युलेशनचे, म्हणजे डेटा रेडिओलहरीवर चढवण्याच्या पद्धतीचे, तीन पर्याय सेकंदाला १० मेगाबिटच्या डेटासाठी असे पडतात (आकडे मेगाहर्ट्झमध्ये):

| मॉड्युलेशन | ९९ टक्के बँडविड्थ (९९ टक्के शक्ती मावते ती रुंदी) | शेजारचा सिग्नल तसाच असता दोघांमधलं अंतर |
|---|---|---|
| पीसीएम-एफएम | ११.६ | १७ |
| एसओक्यूपीएसके-टीजी | ७.८ | ११ |
| आर्टम सीपीएम | ५.६ | ८.५ |

निर्णय घेताना शेवटचा रकाना पाहा. एल बँडच्या ९० मेगाहर्ट्झमध्ये कडा सोडून १७ च्या अंतरानं जेमतेम चार-पाच सिग्नल बसतात, ११ नं सात-आठ, ८.५ नं नऊ-दहा. पीसीएम-एफएमचे १७ सुद्धा जमिनीवर मल्टी-सिम्बॉल डिमॉड्युलेटर (सलग अनेक बिट एकत्र पाहून डेटा परत काढणारा) असेल तरच. जुन्या आरएलसी आयएफ फिल्टरचा (शेजारचा सिग्नल नीट न गाळणारा) रिसीव्हर असेल तर २२ धरा.

आता यातली मेख. अंतराचं सूत्र असं: आपला गुणांक गुणिले आपला बिटरेट, अधिक शेजाऱ्याचा गुणांक गुणिले त्याचा बिटरेट. आपल्या बाजूचे गुणांक वरच्या क्रमानं ०.५, ०.४५ आणि ०.३५, शेजाऱ्याच्या बाजूचे १.२, ०.६५ आणि ०.५. हिशेब दोन्ही बाजूंनी करायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. समजा, तुम्ही एसओक्यूपीएसकेवर गेलात आणि शेजारी १० मेगाबिट पीसीएम-एफएमवरच राहिला. मग ४.५ अधिक १२, म्हणजे १६.५. नवा ट्रान्समीटर घेऊन वाचला अर्धा मेगाहर्ट्झ! बदल करायचा तर अख्ख्या रेंजनं, म्हणजे चाचणी क्षेत्रातल्या सगळ्यांनी, मिळून करावा, एकट्यानं करून फारसं हाती लागत नाही.

पीसीएम-एफएम जुनं म्हणून टाकाऊ नाही. डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी मधल्यापासून दोन्हीकडे किती सरकते ते) बिटरेटच्या ०.३५ पट ठेवलं आणि मल्टी-सिम्बॉल डिमॉड्युलेटर लावला की साध्या डिमॉड्युलेटरपेक्षा अडीच-तीन डेसिबल पदरात पडतात, म्हणजे तितका कमजोर सिग्नलही वाचता येतो. सिग्नल तुटला तर लॉकही (रिसीव्हरची सिग्नलवरची पकड) पटकन परत येतो. गरगरणारं क्षेपणास्त्र, तोफगोळा, कमी बिटरेट: इथे हेच घ्या.

विमानासाठी मात्र एसओक्यूपीएसके-टीजी. एन्व्हेलप (सिग्नलची उंची) स्थिर असल्यानं सॅच्युरेटेड, म्हणजे पूर्ण ताकदीनं चालवलेला, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर चालतो, रुंदी तिसऱ्या हिश्शानं घटते. दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. विमानाच्या वर आणि खाली असे दोन अँटेना एकाच ट्रान्समीटरवर जोडले की काही कोनांत दोन्हींचे सिग्नल एकमेकांना मारतात आणि वळण घेताना डेटा गळतो. त्यावर स्पेस-टाइम कोडिंग (दोन अँटेनांना वेगवेगळे कोड केलेले सिग्नल देणं) हा इलाज मानकात एसओक्यूपीएसकेसाठीच दिला आहे. दर ३२०० बिटांमागे १२८ पायलट बिट (रिसीव्हरला आधीच ठाऊक असलेले), म्हणजे ४ टक्के जादा. शिवाय दोन आउटपुटचा ट्रान्समीटर आणि जमिनीवर तसाच डिमॉड्युलेटर लागतो.

एलडीपीसी कोडिंगच्या (जादा बिट घालून चुका दुरुस्त करण्याच्या) मोहात पडताना जपून. २/३ रेट (तीन बिटांत दोन डेटाचे) आणि ४०९६ बिटांचा ब्लॉक घेतला तर ब्लॉकची सुरुवात दाखवणाऱ्या सिंक मार्करसकट १० मेगाबिटचे हवेत १५.६ होतात आणि अंतर ११ वरून १७.२ वर जातं. आठ डेसिबलहून जास्त फायदा खरा, पण पीसीएम-एफएमवर जे वाचवलं ते सगळं परत गेलं. सिग्नलच्या पल्ल्याच्या टोकाला किंवा खाली उडताना घ्या, सरसकट नको.

आर्टम सीपीएम सर्वांत अरुंद आणि सर्वांत नाजूक. चार पातळ्या आणि ४/१६ व ५/१६ असे आलटून-पालटून येणारे मॉड्युलेशन इंडेक्स (दर चिन्हामागे फेज किती सरकते त्याचं माप) यांमुळे डिमॉड्युलेटर गुंतागुंतीचा होतो. जमिनीवरून किंवा समुद्रावरून परावर्तन आलं की लॉक सुटतो आणि परत धरायला वेळ लागतो. कंपनामुळे ट्रान्समीटरचा फेज नॉइज (लहरीची बारीक थरथर) वाढला तरी हेच रडगाणं. उंचावर, सरळ उड्डाणात, मोठ्या डिशसमोर ठीक. विमान मुद्दाम गरगरत खाली आणण्याच्या स्पिन चाचणीला मुळीच नाही.

आणि ट्रान्समीटरची ऑर्डर देण्याआधी मेजरमेंट लिस्ट, म्हणजे काय काय मोजायचं त्याची यादी, उघडा. १६ बिट, सेकंदाला २००० नमुने, असे १०० स्ट्रेन गेज (सांगाड्यावरचा ताण मोजणारे सेन्सर) म्हणजे ३.२ मेगाबिट. यातलं किती उड्डाण चालू असताना कंट्रोल रूमला पाहायचंच आहे? सुरक्षेपुरतं खाली पाठवा, बाकी विमानातल्या रेकॉर्डरवर. १० चे ५ मेगाबिट झाले तर पीसीएम-एफएमलाही ८.५ च लागतात, सीपीएमच्या १० मेगाबिटइतकेच, आणि रिसीव्हर न बदलता. फ्रिक्वेन्सीच्या अर्जात मात्र कोडिंगनंतरचा बिटरेट आणि रिसीव्हरचा प्रकार दोन्ही लिहा. मूळ बिटरेट लिहिला तर समन्वयक त्याच हिशेबानं शेजारी बसवतो आणि उड्डाणाच्या दिवशी दोघांचाही डेटा खराब होतो.