दसरा, डिसेंबरअखेर की मार्च? गाडी नेमकी कधी घ्यावी

मिरजेहून भाचीचा फोन आला. "मामा, गाडी दसऱ्याला घेऊ का डिसेंबरपर्यंत थांबू? सासूबाई म्हणतात मुहूर्तावरच दारात यायला हवी. हे म्हणतात, डिसेंबरात चाळीस-पन्नास हजार आरामात सुटतात." बजेट नऊ लाखांचं, पेट्रोल गाडी, थोडं कर्ज. दोघंही शिक्षक, त्यामुळे एकदा घेतलेली गाडी आठ-दहा वर्षं वापरणार हे नक्की.

मी आजवर तीन गाड्या घेतल्या. एक दसऱ्याला, एक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एक मार्चअखेर. तिन्ही वेळेचे अनुभव वेगळे होते. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. अशाच पेचात असलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

आधी डिसेंबर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच महिन्याबद्दल आहेत.

डिसेंबरात सूट मिळते हे खरं. वर्ष पालटलं की शोरूमच्या यार्डातली गाडी एका रात्रीत 'मागच्या वर्षाची' होते, म्हणून डीलरला ती काढायचीच असते. त्यात बहुतेक कंपन्या जानेवारीपासून किंमत वाढवणार असं आधीच जाहीर करतात, त्यामुळे गिऱ्हाईकही घाईत असतं. रोख सूट, जुनी गाडी दिल्यावरचा एक्सचेंज बोनस, नोकरीच्या ठिकाणावरून मिळणारी कॉर्पोरेट सूट असं सगळं मिळून आकडा मोठा दिसतो.

२०१८ च्या डिसेंबरात, २८ तारखेला, मी अशीच एक गाडी घेतली. अठ्ठेचाळीस हजार सुटले होते, मी खूश होतो. घरी आणल्यावर रविवारी सकाळी धुताना टायरवर नजर गेली. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरांवर '०८१८' होतं, म्हणजे टायर फेब्रुवारीत बनलेले. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आल्यावर खात्रीच झाली. गाडी मार्च २०१८ ची होती आणि नऊ महिने यार्डात उन्हापावसात उभी होती. सेल्समन म्हणाला होता, "काका, फ्रेश स्टॉक आहे." पहिल्याच पावसाळ्यात बॅटरी बसली. ती वॉरंटीत बदलून मिळाली, पण त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या. २०२३ मध्ये विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने पहिल्यांदा आरसीवरचा उत्पादनाचा महिना पाहिला. माझ्या हिशेबाने गाडी जवळपास २०१९ ची. त्याच्या हिशेबाने २०१८ ची, तीही मार्चची. त्याने पस्तीस हजार खाली मागितले आणि मला ते मान्य करावे लागले.

म्हणून माझं पक्कं मत असं, की डिसेंबरची सूट किती हे बघण्याआधी गाडी कधीची आहे ते बघा. पैसे भरण्यापूर्वी चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, मागून घ्या. सतरा अक्षर-अंकांच्या या नंबरात बनावटीचं वर्ष सांकेतिक रूपात असतं आणि बऱ्याच कंपन्या महिनाही घालतात. तो कसा वाचायचा ते कंपनीनुसार बदलतं, म्हणून डीलरकडूनच महिना-वर्ष लिहून घ्या. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, त्यावरही हा महिना येतो, पण तो हातात पडतो तेव्हा व्यवहार झालेला असतो. डिसेंबरात ऑक्टोबर-नोव्हेंबरची गाडी डिसेंबरच्या भावात मिळत असेल, तर डोळे झाकून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर अजून सूट मागा, नाहीतर दुसरी दाखवायला सांगा.

गाडी दहा वर्षं वापरणार असाल तर हे वर्षाचं गणित फारसं बोचत नाही. इतक्या जुन्या गाडीला २०२५ ची की २०२६ ची यावरून फार फरक पडत नाही, मिळालेली सूट मात्र खिशातच राहते. चार-पाच वर्षांत बदलायची सवय असेल, तर मात्र डिसेंबरची सूट विकताना बरीचशी परत जाते. अशांनी जानेवारी-फेब्रुवारीत नव्या वर्षाची गाडी घ्यावी, किंमत थोडी वाढलेली असली तरी. आणि वर्षाची काहीच फिकीर नसेल, तर जानेवारीतच यार्डात उरलेली मागच्या वर्षाची गाडी विचारून बघा. तिच्यावर कधीकधी डिसेंबरपेक्षाही जास्त सूट मिळते, फक्त रंग आणि व्हेरिएंट जे उरलंय तेच घ्यावं लागतं.

एक बारीक अक्षरांतली गोष्ट इथेच सांगतो. बुकिंगच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी असं छापलेलं असतं, की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. डिसेंबरात बुक केलेली गाडी जानेवारीत हाती आली, तर वाढलेला भाव तुमच्याच माथी. ज्या गाडीला दोन-तीन महिन्यांचं वेटिंग आहे तिच्यासाठी 'डिसेंबर गाठायचा' या म्हणण्याला काही अर्थच उरत नाही. तशा गाडीवर कुठल्याच महिन्यात मोठी सूट नसते.

मार्च हा धंदेवाईकांचा महिना. कंपन्यांचं, डीलरचं, बँकांचं सगळ्यांचंच वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे सूट आणि कर्ज दोन्हींत थोडी ढिलाई मिळते. गाडी नव्या वर्षाची असते, म्हणजे डिसेंबरचा डाग नाही. पगारदार माणसाला सूट आणि उत्पादनाचं वर्ष दोन्ही एकत्र बघायचे असतील तर मार्चचा शेवटचा आठवडा मला डिसेंबरपेक्षा उजवा वाटतो. आणखी एक छोटा फायदा आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो. तो रिटर्न भरताना परत मागता येतो आणि मार्चात घेतली तर तीन-चार महिन्यांतच रिटर्नची वेळ येते.

व्यापारी, डॉक्टर, ठेकेदार अशांचा हिशेब निराळा. धंद्यासाठी घेतलेल्या मोटारीवर आयकरात १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. मार्चअखेर घेतली तरी निम्मा मिळतो, म्हणून त्यांची तेव्हा झुंबड असते. पूर्ण हवा असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत गाडी रस्त्यावर यायला हवी. हे सीएला विचारून ठरवा.

मार्चात एक धोकाही आहे. नियम बरेचदा १ एप्रिलपासून बदलतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला बीएस-३ या प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि पुढच्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमपुढे रांगा लागल्या. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं. अशा वेळी स्वस्तात मिळणारी गाडी नंतर विकायला जड जाते. राज्याचं बजेटही मार्चातच येतं. २०२५ च्या बजेटमध्ये सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढवायचं ठरलं आणि १ जुलैपासून तो लागू झाला.

आता दसरा. मी मुहूर्त मानतो, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एका दिवशी, झेंडूचा हार घातलेली गाडी दारात उभी आहे, आई ओवाळते आहे, चाकाखाली लिंबू ठेवलंय, पोरं हॉर्न वाजवायला भांडताहेत. या सुखाची किंमत दोन-पाच हजारांत करू नये. त्रास वेगळाच आहे. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. पेढा, फोटो, किल्ली, निघा. गाडी नीट तपासायला वेळच नसतो. दरवाजाखालचा ओरखडा मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसला, आणि तो आधीचाच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून तपासणी दोन-तीन दिवस आधी यार्डातच जाऊन करा: दिवसाउजेडी, मोबाइलची बॅटरी लावून, टायरचे आकडे, किलोमीटर, काचा सगळं बघून.

दसऱ्याला सूट मिळत नाही असंही नाही. ते यार्डात किती माल पडलाय यावर ठरतं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा होता असं त्यांच्याच फाडा या संघटनेने सांगितलं होतं. त्या वर्षी नवरात्रातही घासाघीस करता येत होती. याउलट २०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जीएसटी कपात जाहीर झाली आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला, ती लागू झाली. लहान गाड्यांवरचा कर सेस धरून २९ ते ३१ टक्के होता, तो १८ वर आला. पितृपक्षात हात आखडून बसलेल्यांचा फायदाच झाला, पण त्या नवरात्रात कोण कशाला वरची सूट देईल?

आणि पितृपक्ष. मला विचाराल तर भाव ठरवायला वर्षातला सगळ्यात चांगला पंधरवडा हाच. शोरूम ओस असतं, मॅनेजर स्वतः उठून चहा विचारतो. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे सण पुढे गेलेत: पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबरला. म्हणजे ३० सप्टेंबर, तिमाहीची अखेर, बरोबर पितृपक्षात येते. टार्गेट अपुरं आणि गिऱ्हाईक नाही, अशा वेळी समोर बसलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं. वर्षात अजून तीन महिने असल्याने गाडीही फार जुनी नसते.

म्हणून भाचीला सांगितलं, की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन शोरूम फिरून ये. दोघांकडून ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून पडणारी किंमत फोड करून कागदावर घे: एक्स-शोरूम म्हणजे गाडीची मूळ किंमत, त्यावरचा ११ टक्के रोड टॅक्स, विमा, बाकी जे काही लावतील ते. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर विचार आणि मग बोल. सूट महिनाअखेरच्या बिलावर मिळत असेल तर बिल सप्टेंबरात होऊ दे, पण चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना आणि 'डिलिव्हरी २० ऑक्टोबर' हे तिन्ही लिहून, शिक्का मारून घे. बिल पितृपक्षातलं असलं तरी सासूबाईंना ते चालेल का, हे मात्र आधी त्यांना विचार.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. सासूबाई म्हणाल्या, "कागद केव्हाही होऊ दे, गाडी दसऱ्याला दारात आली म्हणजे झालं."