झाइट्झ मोका, केप टाऊन: बिल्डिंग जबरदस्त, पण चित्रं कोणाची?

केप टाऊनला गेलं की व्ही अँड ए वॉटरफ्रंटला चक्कर होतेच, बोटी बघा, खरेदी करा, टेबल माउंटनसोबत फोटो काढा आणि परत या. पण तिथेच दोन पावलं आत, सायलो डिस्ट्रिक्टमध्ये, झाइट्झ मोका हे आफ्रिकेच्या आजच्या कलेचं म्युझियम आहे, आणि बरेच जण बाहेरूनच "वा काय बिल्डिंग आहे" म्हणून पुढे जातात. असं करू नका. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवून जा.

बिल्डिंगचं कौतुक खूप वाचलं होतं म्हणून मी जरा नाक मुरडतच गेले होते, पण आत पाऊल टाकल्यावर खरंच मान वर जाते ती खाली यायला वेळ लागतो. मुळात हा १९२४ सालचा धान्याचा सायलो, म्हणजे उंच कोठार. ५७ मीटर उंच, एकेकाळी सहाराच्या दक्षिणेकडची सगळ्यात उंच इमारत म्हणे. मका, गहू इथे यायचा, प्रतवारी व्हायची, जहाजात भरला जायचा. मग काळ बदलला, सायलो बंद पडला आणि बरीच वर्षं नुसता उभा होता. थॉमस हेदरविक या ब्रिटिश डिझायनरच्या स्टुडिओने त्यात काय केलं तर काँक्रीटच्या ४२ उंच टाक्या एकमेकींना चिकटून होत्या, त्यांच्या मधोमध मक्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी कापून काढली. खरोखरचा दाणा घेऊन, त्याचा आकार मोजून, तो काही मजले उंच केला. जिथे काँक्रीट कापलंय तिथल्या कडा पॉलिश केल्यात, अगदी जवळ जाऊन बघा, आतली खडी चकचकीत दिसते आणि तिच्या शेजारी लगेच शंभर वर्षांपूर्वीचा खडबडीत भाग. मी तर त्या कडांचेच इतके फोटो काढले की आमचे मिस्टर म्हणाले, अगं चित्रं बघायला आलोय ना आपण.

तर चित्रं. इथे मला थोडं लांबण लावायचंय, कारण हे सरकारी म्युझियम नाही. योखेन झाइट्झ नावाचे जर्मन गृहस्थ, प्यूमा कंपनीचे बरीच वर्षं सीईओ, आफ्रिकेतल्या फुटबॉल टीम्सना प्यूमाचं किट देता देता कंपनीच्या पैशातून कलेलाही हातभार लागू लागला, २०१० च्या वर्ल्ड कपच्या वेळी केहिंदे वायली या अमेरिकन चित्रकाराकडून सॅम्युएल एटोसारख्या खेळाडूंची पोर्ट्रेट्स करून घेतली होती ती प्यूमानेच. मग झाइट्झ यांनी स्वतःचं कलेक्शन जमवायला घेतलं, मुख्यतः २००० नंतरचं काम, आफ्रिका आणि आफ्रिकेबाहेरचे आफ्रिकन वंशाचे कलाकार. दुसरीकडे वॉटरफ्रंटवाल्यांकडे हा रिकामा सायलो. दोघांनी हात मिळवला, वॉटरफ्रंटने ५०० मिलियन रँड घातले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये म्युझियम उघडलं. आणि वॉटरफ्रंट कोणाचं? अर्धं ग्रोथपॉइंट या प्रॉपर्टी कंपनीचं आणि अर्धं सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचं. म्हणजे दरवाजावर नाव एका माणसाचं असलं तरी भिंती उभ्या करण्यात दक्षिण आफ्रिकेतल्या शिक्षक, नर्स, कारकून मंडळींच्या म्हातारपणाच्या पैशाचाही वाटा आहे. हे कुठल्या बोर्डावर ठळक लिहायला हवं होतं असं मला तरी वाटतं.

आणि कलेक्शन दान दिलेलं नाहीये बरं का, दीर्घ मुदतीच्या लोनवर आहे, म्हणजे उसनं दिलेलं, मालकी झाइट्झ यांचीच. यात गैर काही नाही, जगभर चालतं. पण हिशोब बघा ना, म्युझियमच्या भिंतीवर एखादा कलाकार लागला की त्याचा बाजारातला भाव वाढतो, आणि तो वाढलेला भाव ज्याच्या मालकीचं चित्र आहे त्याच्या खात्यात जातो. कलाकाराला फायदा होतो तो पुढच्या कामाला, विकून झालेल्या कामाला नाही. म्हणून प्रायव्हेट कलेक्शन कलेला खरंच आधार देतंय का हे त्याने किती विकत घेतलं यावरून ठरवू नये. विकत घेतल्यावर पुढे काय केलं ते बघावं.

त्या कसोटीवर हे म्युझियम सुरुवातीला डगमगलंच. उघडलं तेव्हा थाट मोठा होता, त्या दाण्याच्या पोकळीत दक्षिण आफ्रिकेच्याच निकोलस ह्लोबोचा टायरच्या ट्यूब आणि रिबिनी शिवून केलेला अवाढव्य पंखवाला प्राणी टांगलेला होता, तिथल्याच नावाजलेल्या विल्यम केंट्रिजचं काम होतं. पण गोरा कलेक्टर, गोरा डायरेक्टर आणि भिंतीवर काळ्या कलाकारांचं काम, यावर तिथल्या लोकांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं. वर्षभरात पहिले डायरेक्टर पायउतार झाले, मध्ये लागोसचे अझू न्वाग्बोगू यांनी गाडा ओढला आणि २०१९ मध्ये कोयो कुओ आल्या. कॅमेरूनच्या, सेनेगलमधल्या डाकारमध्ये रॉ मटेरियल कंपनी नावाचं कलाकेंद्र स्वतः उभं केलेल्या. माझ्या मते म्युझियम म्हणून याचा खरा जन्म तेव्हाचा.

त्यांनी केलं काय तर एका माणसाच्या कलेक्शनवरचा भर कमी केला. कोव्हिडच्या टाळेबंदीनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये दरवाजे उघडले तेव्हा भिंतींवर केप टाऊनकरांच्या घरातली चित्रं लावली, कोणाच्या आजोबांनी काढलेलं, कोणी रस्त्यावरून घेतलेलं, पोरांनी काढलेलं, अशी जवळपास दोन हजार. तज्ज्ञांनी निवडलेलं आणि स्वयंपाकघरात टांगलेलं शेजारी शेजारी. हे मला बघायला मिळालं नाही त्याची हळहळ अजून आहे.

मी बघितलं ते नंतरचं, २०२२ मध्ये सुरू झालेलं काळ्या माणसांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन, शंभर वर्षांतलं, दीडशेच्या वर कलाकार. त्यात दुःख, गुलामगिरी, मार खाणारी माणसं असं काही मुद्दाम समोर आणलेलं नव्हतं, लोक जेवतायत, नाचतायत, पडून आहेत, प्रार्थना करतायत, प्रेम करतायत. किन्शासाच्या मोके या चित्रकाराचं बारमधल्या नाचाचं चित्र आहे, रंग असे की आवाज ऐकू यावा, त्यातले लोक एकमेकांना खेटून उभे आणि प्रत्येकाचा चेहरा मात्र वेगळा, एक बाई तर नाच सोडून सरळ आपल्याकडेच बघतेय असं मला वाटलं आणि मी तिथून हलेचना. शेजारी जेरार्ड सेकोटोसारखी जुनी खोडं (दक्षिण आफ्रिकेचे आधीच्या पिढीतले चित्रकार) आणि दोन भिंती पलीकडे झांडिले त्शाबालालासारखी पंचविशीतली पोरगी. हे सगळं एका छताखाली आलं कसं, तर डझनावारी म्युझियम आणि प्रायव्हेट कलेक्टर्सनी आपापल्या भिंती रिकाम्या करून चित्रं पाठवली म्हणून. पुढे हेच प्रदर्शन बाझल आणि ब्रुसेल्सलाही गेलं. नेहमी आफ्रिकेची कला युरोपात ठरते आणि मग आफ्रिकेत कळते, इथे गाडी उलट्या दिशेने धावली.

आणखी एक गोष्ट जी तिकीट काढून दिसत नाही. वेस्टर्न केप युनिव्हर्सिटीसोबत यांचा फेलोशिप प्रोग्राम आहे, आफ्रिकेतल्या तरुणांना क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शन जमवून मांडण्याचं, आणि म्युझियमचं काम शिकवतात. चित्रं विकत घेणारे पैसेवाले मिळतात हो, पण ती कोणती, कशाशेजारी, काय सांगून लावायची हे ठरवणारी माणसं त्याच खंडातली असायला हवीत आणि ती तयार व्हायला वर्षं लागतात. माझ्या लेखी दहा महागडी चित्रं एकीकडे आणि हे एकीकडे.

गॅलऱ्यांबद्दल एक सांगते, सगळ्यांना पटेल असं नाही. पोकळीतून बाहेर आलं की खोल्या एकदम सरळ, पांढऱ्या, चौकोनी. सायलो कुठे गेला कळत नाही. चित्रांसाठी ते बरंच असेल, पण एका बाजूला एवढं नाटक आणि दुसरीकडे एवढा शिस्तीचा पांढरा रंग, जरा तुटक वाटतं. तळघरातले बोगदे मात्र सोडू नका.

बाकीच्यांशी तुलना केल्याशिवाय रेटिंग देणं बरोबर नाही म्हणून थोडक्यात. जाँ पिगोझी यांचं आफ्रिकन कलेचं कलेक्शन नावाजलेलं आहे, १९८९ पासून जमवलेलं, त्यांनी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमला ४५ कामं देऊन टाकली, उत्तम, पण ती गेली न्यूयॉर्कलाच. लागोसमध्ये येमिसी शायलॉन यांनी आपल्या कलेक्शनमधली शेकडो कामं पॅन-अटलांटिक युनिव्हर्सिटीला दिली, २०१९ मध्ये तिथे म्युझियम उघडलं, म्हणजे विद्यार्थी लेक्चर चुकवून चित्र बघू शकतात. आणि बेनिनमध्ये झिन्सू फाउंडेशन, कोटोनूला २००५ पासून आणि वीदाला २०१३ पासून म्युझियम, प्रवेश फुकट. त्यांनी २००६-०७ मध्ये तिथल्या जुन्या दाहोमे राज्याचा राजा बेहांझिन याच्यावर प्रदर्शन केलं, पॅरिसच्या के ब्रांली म्युझियमकडून वस्तू आणल्या आणि लाखोंनी लोक आले. आफ्रिकेत म्युझियमला कोण जातं असं म्हणणाऱ्यांनी तेव्हापासून तरी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

तर माझे स्टार्स: बिल्डिंग पाच, प्रदर्शनं साडेचार, शिकवण्याचं काम पाच, मालकीचा मामला तीन. मे २०२५ मध्ये कोयो कुओ अचानक गेल्या, व्हेनिस बिएनाले या जगातल्या मोठ्या कलाप्रदर्शनाची जबाबदारी हातात असताना. त्यांच्यामागे हे म्युझियम आपली दिशा टिकवतं का ते बघायला मी परत जाणार आहे, तेव्हा हे तीन बदलले तर इथेच अपडेट करेन.

जाणाऱ्यांसाठी: १८ वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, आफ्रिकन देशांच्या नागरिकांसाठी फुकट वेळ ठेवलेली असते, वार आणि तास वेबसाइटवर बघून जा. प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे मोके किंवा ह्लोबो दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरून जाऊ नका. लिफ्टने आधी वर जा आणि उतरत उतरत बघा, पाय वाचतात. वर गच्चीवर काचेच्या गोल तावदानांवरून चालता येतं, त्यावरची नक्षी टोगोच्या एल लोको या कलाकाराची आहे आणि खाली पोकळीत तिच्यातूनच उजेड उतरतो. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यांवर हॉटेलही आहे, पण तिथले दर बघून आम्ही निमूटपणे खाली आलो.