मोठं कलासंग्रहालय की छोटी गॅलरी?

मोठ्या कलासंग्रहालयात एका फेरीत कित्येक शतकं पाहून होतात, पण तिसऱ्या-चौथ्या दालनानंतर डोळे थकतात आणि आपण चित्रांऐवजी नुसत्या पाट्या वाचत सुटतो. तिथल्या मंद उजेडावर मात्र नाराज होऊ नका. जलरंगातली चित्रं फिकट पडू नयेत म्हणून प्रकाश साधारण 50 लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. तैलचित्रांना 200 लक्सपर्यंत चालतो. नजर सरावली की रंग हळूहळू खुलतात.

छोट्या खासगी गॅलरीत मोजकीच चित्रं, प्रवेश बहुधा मोफत. कॅनव्हासकडे बाजूने पाहिलं की रंगाचे थर, पॅलेट नाइफचे (रंग लावायच्या पातळ सुरीचे) ओरखडे स्पष्ट दिसतात. कधी चित्रकारच भेटतो! प्रदर्शन आवडलं नाही तर अर्धा तास गेला, एवढंच. नवख्याला मी छोटी गॅलरीच सुचवेन. संग्रहालयात जायचंच असेल, तर दोनच दालनं ठरवून जा.