रान माजलेली बाग रंगवायचीय, वॉटरकलर घेऊ का ऑइल?

देवळाली कॅम्पातले जुने बंद बंगले बघितले की चित्र काढावंसं वाटतंच, घाणेरी माजलेली, भिंतीवर वेल, गुडघाभर गवत. आणि नाशिकात कोणालाही विचारा, वॉटरकलरच घे म्हणतील, शिवाजी तुपेंची जलरंगातली निसर्गचित्रं बघत मोठी झालेली माणसं आहेत इथे. घाट, देवळं, पायऱ्यांवरचं ऊन याला वॉटरकलर मस्तच, वाद नाही.

पण गचपणाचं गणित वेगळं आहे. तिथे मागे अंधार असतो आणि पुढे उजेडातली पानं, आणि वॉटरकलरमध्ये फिकट रंग गडदवर बसत नाही, म्हणजे प्रत्येक उजळ पान, काडी आधी सोडायची आणि मागचा काळोख तिच्याभोवतीनं भरत जायचा, नाहीतर मास्किंग फ्लुइड (रंग बसू नये म्हणून कागदावर लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावायचं, जे जास्त वेळ राहिलं तर निघताना कागदाचा पापुद्राच घेऊन येतं. वर हिरवा दोन-तीनदा घोळला की चिखल झालाच. जमत नाही असं नाही हां, जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०३ मध्ये नुसत्या रानगवताचा एक तुकडा जलरंगात काढलाय, बघत राहावं असा, पण त्यानंही सोबत अपारदर्शक रंग वापरलाय आणि तो तुकडा आहे, अख्खी बाग नाही.

ऑइलमध्ये आधी अंधार घालायचा, मग उजेड वर ठेवायचा. व्हॅन गॉग मे १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला तेव्हा तिथली बागही अशीच दुर्लक्षित होती आणि सुरुवातीला बाहेर सोडत नव्हते म्हणून तो तीच रंगवत बसला, आयव्ही चढलेली झाडं, वाढलेलं गवत, बरंचसं ऑइलमध्ये.

त्रास आहेच. वाळायला दिवसच्या दिवस, टर्पेंटाइनचा वास (वन बीएचकेत घरचे बोलणारच), ओला कॅनव्हास स्कूटरवरून आणायचा म्हणजे कसरत. पण बाग खरी माजते पावसाळ्यात, तेव्हा दमट हवेत वॉटरकलरचा वॉशही (पातळ रंगाचा थर) लवकर वाळत नाही आणि चार थेंब पडले तरी चित्र गेलं, ऑइलवरून पाणी झटकून टाकता येतं.

अॅक्रिलिक? वास नाही, पण एप्रिलच्या उन्हात पॅलेटवरच सुकतो.

मी तरी ऑइलच घेईन. तासाभराचाच वेळ असेल तर वॉटरकलरमध्ये एखादा कोपरा, कुंपण नि दोन फांद्या, बास. ऑइल घेतलंत तर छोट्या बोर्डवर आधी बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंग) पातळ हात मारा आणि ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका, त्यात थोडा लाल घाला.