माशातल्या जटिल शर्करा वेगळ्या करताना : इथेनॉल की सीपीसी?

रोहू-कटल्याची डोकी किंवा कातडी असिटोनने चरबी काढून वाळवली, पपेनमध्ये (पपईतलं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम) ६० अंशांवर २४ तास ठेवली आणि गाळली की हातात पिवळट, उग्र वासाचा द्रव उरतो. त्यातून कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, डर्माटन सल्फेट वगैरे, म्हणजे ऋणभाराच्या शर्करांच्या लांब साखळ्या काढायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिप्पट इथेनॉल घालून सगळं खाली बसवायचं. दुसरी म्हणजे सिटाइलपिरिडिनियम क्लोराइड, म्हणजे सीपीसी, हा धनभाराचा डिटर्जंट घालून ऋणभाराच्या साखळ्या तेवढ्या पकडायच्या.

इथेनॉलची वाट सोपी, यात वाद नाही. ओता, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. पण इथेनॉल निवड करत नाही. ग्लायकोजेन, डीएनए-आरएनए आणि कातडी असेल तर कोलॅजनचे पेप्टाइड, सगळेच खाली येतात. मग नळीच्या तळाशी पांढऱ्या भुकटीऐवजी डिंकासारखा तपकिरी गोळा बसतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही आणि काचेच्या कांडीला धरून राहतो. पपेनच्या बफरमधलं ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) हेही त्यात उतरतं, त्यामुळे वजन फुगलेलं दिसतं आणि उतारा चांगला आला असा गैरसमज होतो.

तरी बडोद्यात माझं मत फिरवणारी गोष्ट यापेक्षा साधी आहे. गुजरातेत दारूबंदी आहे. लॅबमधलं शुद्ध इथेनॉलसुद्धा परवान्यावर येतं आणि रजिस्टरला लागतं. एक लिटर द्रवाला तीन लिटर इथेनॉल जातं. धुवायचं वेगळं. आठवड्याला दोन खेपा केल्या तर महिन्याचा कोटा कुठे गेला ते कळत नाही, आणि बाटली संपली की प्रयोग अर्ध्यावर थांबतो. आधी द्रव आटवून पाचवा हिस्सा केला तर इथेनॉल कमी लागतं, हे खरं. पण मग क्षारही पाचपट घट्ट होतात आणि गोळ्यात क्षारांचंच प्रमाण वाढतं. डिनेचर्ड स्पिरिटचा विचार औषधाच्या कामात करूच नये.

सीपीसीला याच एक लिटरसाठी १० टक्के द्रावणाचे साधारण ५३ मिलि पुरतात, म्हणजे शेवटचं प्रमाण ०.५ टक्के. द्रव दुधाळ होतो. २४ तास बाहेरच, खोलीच्या तापमानाला ठेवा. सवयीने फ्रिजमध्ये ठेवलं की सीपीसीचे स्वतःचे पांढरे सुईसारखे स्फटिक पडतात, आणि नवीन विद्यार्थी ते माल समजून गोळा करतो. सेंट्रिफ्यूजही २५ अंशांवर चालवा. वरचा स्वच्छ द्रव थोडा वेगळा घेऊन त्यात सीपीसीचा एक थेंब टाकून पाहा. ढगाळ झाला तर आधीचं कमी पडलं होतं. समुद्रातला किंवा मीठ लावलेला मासा असेल तर आधी द्रव पातळ करा, कारण मीठ जास्त झालं की सीपीसी आणि साखळीची जोडी जमत नाही.

सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेला गोळा ०.०५ टक्के सीपीसीने धुऊन २ मोलर मीठ आणि इथेनॉलच्या १०० : १५ मिश्रणात सोडवा, मग दुप्पट इथेनॉल. इथे मात्र ४ अंशच. म्हणजे इथेनॉलची गरज पूर्णपणे संपत नाही, पण एका खेपेला पाव लिटरच्या आसपास भागतं. शिवाय मिठाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलं तर हायलुरोनिक आम्ल आधी सुटतं, कॉन्ड्रॉइटिन नंतर आणि हेपारिनसारख्या जास्त सल्फेटच्या साखळ्या सर्वांत शेवटी. इथेनॉलमध्येही टप्पे करता येतात, पण इतके स्वच्छ सहसा पडत नाहीत.

सीपीसीचा खरा धोका मागे राहण्याचा आहे. तो डिटर्जंटच. पेशींवर चाचणी घेतली तर पेशी सीपीसीने मरतील आणि दोष माशाच्या साखळीवर येईल. साखळ्यांचं प्रमाण मोजणाऱ्या डीएमएमबी रंगचाचणीतही धनभाराचं सीपीसी आडवं येतं आणि उतारा कमी दिसतो. म्हणून ८० टक्के इथेनॉलने तीनदा धुणं टाळू नये. थोडी भुकटी पाण्यात घालून नळी जोरात हलवा. फेस टिकला तर अजून धुवायचं आहे. रक्त गोठू न देण्याच्या गुणासाठी एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. शिवाय नुसत्या गोठण्याच्या वेळेवर विसंबू नये. २००८ मध्ये हेपारिनमध्ये (रक्त गोठू न देणारं औषध) मिसळलेलं अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांतून सुटलं होतं. गोठायला लागलेला वेळ पाहून नळीत कोणती साखळी आहे ते कळत नाही. ती कॉन्ड्रॉइटिनेज लायेज या एन्झाइमने तोडून २३२ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तपासावी लागते.

दोन-तीन ग्रॅम ऊतीचा पहिलाच अंदाज घ्यायचा असेल, द्रव २० मिलि असेल, तर सीपीसीच्या भानगडीत पडू नका. ६० मिलि इथेनॉलची नोंद रजिस्टरला जड नाही. किलोभर डोकी आणली असतील तर मात्र सीपीसीचं १० टक्के द्रावण आदल्या दिवशीच करून ठेवा, आणि ते बाहेरच ठेवा.