८०६ एचपीचा कागद आणि माझे १८,७४,५००

रक्कम आधीच लिहून टाकतो: १८ लाख ७४ हजार ५००. गाडीची पॉवर वाढवून देतो म्हणणाऱ्या एका ट्यूनरला पाच हप्त्यांत दिली. पाचही वेळा पैसे मीच पाठवले, कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. घरी आजवर ‘दहा-बारा गेले’ असं सांगत आलोय, खरा आकडा त्यांनाही हे वाचूनच कळेल. लाज वाटते. पण त्याच माणसाकडे पैसे भरायच्या तयारीत असलेले आणखी तिघे मला ठाऊक आहेत, म्हणून लिहितोय.

गाडी निस्सान जीटी-आर, आर३५, मूळची ५७० पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, एचपीच्या अगदी जवळ). हिच्या नादी लागलेल्यांना कारण सांगावं लागत नाही. २००७ मध्ये आली तेव्हापासून हिने कितीतरी महागड्या गाड्यांना घाम फोडलाय. २००८ साली जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं २९ सेकंद. २०१६ मध्ये १,३८० पीएसपर्यंत ट्यून केलेल्या जीटी-आरने ताशी ३०४.९६ किलोमीटरने ड्रिफ्ट मारून, म्हणजे गाडी आडवी घसरवत नेऊन, विक्रम केला. त्यामुळे ‘एवढी पॉवर निघते यावर तुझा विश्वास बसलाच कसा’ हा प्रश्न मला कृपा करून विचारू नका. पॉवर निघते. प्रामाणिक ट्यूनर ती रोज काढतात. माझ्या इंजिनातून कुणी काढली नाही, एवढंच.

सुरुवात एका व्हिडिओने झाली. ताशी ६० वर दोन गाड्या शेजारी शेजारी, तीन हॉर्न, तिसऱ्याला दोघांनी पाय दाबायचा. एक त्या ट्यूनरची स्वतःची जीटी-आर, दुसरी मॅकलारेन ७२०एस ही सुपरकार. जीटी-आर तीन गाड्यांच्या अंतराने पुढे. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, सांगवत नाही. मॅकलारेन कुठल्या गिअरमध्ये होती, तिच्या चालकाने पाय पूर्ण दाबला का, यातलं काहीच त्यात दिसत नाही, कारण कॅमेरा जीटी-आरच्या आत. टर्बोची गाडी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पकडली की बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर, यायलाच वेळ जातो, तेवढ्यात शर्यत संपते. असल्या व्हिडिओत दोन्ही गाड्यांच्या आतलं चित्रण नसेल तर तो पुरावा धरू नका. दोन्हीकडचं हवं, गिअर आणि आरपीएम दिसणारं.

मला हिशेब येत नव्हता असंही नाही. ७२०एसचं वजन १,४१९ किलो, पॉवर ७२० पीएस. जीटी-आर १,७५२ किलो. वजनाच्या मानाने नुसती बरोबरी करायची तरी जीटी-आरला क्रँकवर, म्हणजे चाकांपर्यंत पोचण्याआधी इंजिनापाशीच, ८८९ पीएस लागतात. हे गणित मी पहिल्या भेटीत त्याच्यासमोर मांडलं. तो म्हणाला, “म्हणूनच दादा, आपण चाकावर ८०० काढतो. क्रँकवर साडेनऊशे होतात.” चार चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत साधारण १५ टक्के वाटेत जातात असं धरलं तर त्याचं उत्तर बरोबर होतं. विषय त्याला माझ्याइतकाच, कदाचित जास्त कळत होता. अडाणी माणसाने मला फसवलेलं नाही.

पैसे असे गेले. आगाऊ ५ लाख. मग मोठे टर्बो, १,००० सीसीचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे, मिनिटाला तेवढे सीसी) आणि इंधनपंप यांचे ६ लाख ८० हजार. फोर्ज्ड रॉड आणि पिस्टनचे ४ लाख २५ हजार, कारण एवढ्या टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराला, मूळचे रॉड वाकतात (हे खरं आहे, आणि खऱ्यात खोटं मिसळायची हीच त्याची रीत). गिअरबॉक्सच्या क्लचचे २ लाख १० हजार. शेवटी डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यूनिंगचे ५९ हजार ५००. या शेवटच्या रकमेतले ५०० त्याने मागून घेतले होते, ‘राहिलेत दादा तेवढे’ म्हणून. ते ५०० मला अजून झोपू देत नाहीत.

बिलं मागितली, तर ‘पार्ट बाहेरून येतात, एकत्र बिल देतो’. काढलेले जुने पार्ट मागितले, तर ‘एक्स्चेंजमध्ये दिले, म्हणून तर तुम्हाला इतक्यात बसलं’. इथे मी थांबायला हवं होतं. जुने टर्बो, जुने इंजेक्टर, जुने रॉड डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. कुणाकडेही, कितीही ओळखीचा असला तरी. नव्या पार्टच्या खोक्याचा फोटो म्हणजे पार्ट नव्हे. मला खोक्यांचे फोटो आले होते, दिवसाला चार-चार.

गाडी मिळाली त्या दिवशी सोबत डायनोचा कागद मिळाला. चाकांवर ८०६ एचपी, ६,४०० आरपीएमला. रंगीत, शिक्का मारलेला. मी त्याची फ्रेम करून घेतली. चार महिने तो कागद माझ्या टेबलासमोर होता. चार महिने, रोज, नजरेच्या टप्प्यात.

त्या कागदावर दोन रेषा होत्या, एक पॉवरची, एक टॉर्कची. एचपी आणि पाउंड-फूट (टॉर्कचं एकक) आलेखाच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाच्या खुणांवर काढले असतील तर या दोन रेषा ५,२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात. गाडी कुठलीही असो. कारण पॉवर ही वेगळी मोजलेली वस्तू नाहीच, टॉर्कला आरपीएमने गुणून ५,२५२ ने भागलं की ती निघते. माझ्या कागदावर त्या रेषा ३,५०० ला छेदत होत्या.

हे मला माहीत होतं. आज ऐकून कळलं असतं तर एवढा जळलो नसतो. ५,२५२ हा आकडा मी स्वतः दुसऱ्यांना समजावून सांगितलेला आहे. पण स्वतःच्या कागदावर माझी नजर फक्त ८०६ वर गेली, तिथून खाली उतरलीच नाही. त्याच कागदावर ६,४०० आरपीएमला टॉर्क छापलेला होता ४४१. करा गुणाकार: ४४१ गुणिले ६,४००, भागिले ५,२५२. उत्तर ५३७ येतं. ८०६ साठी तिथे ६६१ पाउंड-फूट हवा होता. त्या माणसाने पॉवरची रेषा दीडपट ताणली आणि टॉर्कची तशीच सोडून दिली. माझ्या गाडीचा खरा आकडा माझ्याच भिंतीवर लटकत होता.

तुमच्याकडे असा कागद असेल तर आत्ता उठून बघा. टॉर्क न्यूटन-मीटर आणि पॉवर किलोवॅटमध्ये, एकाच मापाने काढली असेल तर छेद ९,५४९ ला येतो, म्हणजे बहुतेक गाड्यांच्या कागदावर येतच नाही. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असतील तर छेद बघू नका, सरळ गुणाकार करा. आणि कोपऱ्यात ‘एसएई’ लिहिलंय की ‘एसटीडी’ तेही पाहा, हवामानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायच्या या दोन पद्धती. जुन्या एसटीडी दुरुस्तीने तीच गाडी साधारण चार टक्के जास्त दाखवते. माझ्या कागदावर एसटीडी होतं. म्हणजे तो ५३७ सुद्धा फुगवलेला.

मग चार महिने गाडी चालवताना कळलं नाही का, असं विचाराल. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची नवी जुळवणी, खरा केला होता आणि एक्झॉस्ट बदलला होता. आवाज मोठा, ओढ पहिल्यापेक्षा जोरदार, अंगाला फरक जाणवत होता. ९० एचपी वाढले की २५० हे सीटवर बसून सांगणारा माणूस मला दाखवा. बूस्टचा आकडा पडद्यावर १.६ बार यायचा. नंतर वेगळं यंत्र जोडून पाहिलं तर खरा १.१ होता. दाखवणारं मापच बदललेलं.

उघडं पडलं ते बंद ट्रॅकवर, ४०२ मीटरच्या (पाव मैलाच्या) शर्यतीत. शेजारी लॅम्बोर्गिनी उराकान, एलपी ६१०-४, काही न बदललेली. ६१० पीएस. माझ्या डोक्यात क्रँकवर साडेनऊशे. सुरुवातीला मी अर्धी गाडी पुढे होतो, जीटी-आर जागेवरून सुटतेच तशी. अर्ध्या अंतरानंतर ती शांतपणे बाजूने आली आणि निघून गेली. माझी वेळेची पावती: १०.९ सेकंद, शेवटी ताशी २०३. त्याची २०९. उराकानचा मालक भला माणूस, म्हणाला, “काका, तुमची गाडी आज गरम झाली असेल.” मीही तेच म्हणालो. आणखी दोनदा पळवली. २०३ आणि २०२.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळ फसवते, शेवटचा वेग सहसा फसवत नाही. टायर, सुटण्याची पद्धत, चार चाकांची पकड या सगळ्यांनी सेकंद बदलतात, पण ४०२ मीटरच्या टोकाला असलेला वेग पॉवर आणि वजनावर ठरतो. पॉवरला चालकासकटच्या वजनाने भागा, त्याचं घनमूळ काढा, २८९ ने गुणा. किलो आणि एचपी धरून ताशी किलोमीटर जवळपास येतात. साडेनऊशे एचपीच्या जीटी-आरने २३२ च्या आसपास जायला हवं. २०३ म्हणजे क्रँकवर सव्वासहाशे-साडेसहाशे. तुमचा ट्यूनर नुसते सेकंद सांगत असेल तर शेवटचा वेग विचारा. रस्ता उताराचा होता का विचारा. पहिला एक फूट सोडून घड्याळ सुरू केलं का विचारा, तेवढ्यावर दोन-तीन दशांश सेकंद फुकट मिळतात आणि मग ते दुसऱ्याच पद्धतीने मोजलेल्या सुपरकारच्या आकड्याशेजारी मांडले जातात.

घरी येऊन पावती टेबलावर टाकली. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने ती पाहिली, भिंतीवरचा कागद पाहिला, आणि दोनच मिनिटांत म्हणाला, “मामा, या रेषा चुकीच्या जागी छेदतायत.” त्याला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. ओरडलो त्याच्यावर.

दुसऱ्या वर्कशॉपने गाडी उघडली. चाकांवर ५२९. टर्बो मूळचे. इंजेक्टर मूळचे. साडेनऊशे एचपीला मिनिटाला पावणेसहा लिटर पेट्रोल लागतं, सहा इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी ९६० सीसी, तेही सतत उघडे धरून. ते पेट्रोल या गाडीत जायची वाटच नव्हती. आणि इंजिन खोललेलंच नव्हतं. कारखान्यातल्या बोल्टवरच्या खुणा जशाच्या तशा, सीलंट अखंड. ही इंजिनं एकेक कारागीर हाताने जोडायचा, त्या माणसाच्या कामाला कुणी हात लावला नव्हता. ४ लाख २५ हजार मी न उघडलेल्या इंजिनाच्या आतल्या रॉडचे दिले.

पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला. “गाडी चालते ना?” चालते. “पहिल्यापेक्षा जोरात चालते ना?” हो, पण... “मग फसवणूक कुठे झाली? दिवाणी मामला आहे, वकील बघा.” मी ५,२५२ समजावायला गेलो, शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. दुसऱ्या वर्कशॉपचा लेखी अहवाल दिला, तर म्हणे ते त्याचे धंद्यातले प्रतिस्पर्धी, त्यांचं कसं धरायचं? मग कुणाचं धरायचं? सरकारी तज्ज्ञ कोण, तर ते वाहन नोंदणी कार्यालयातून आणा. तिथे गेलो, तर पहिला प्रश्न मलाच: हे बदल नोंदवले होते का? बदल झालेच नाहीत, हीच माझी तक्रार आहे, असं तीन खिडक्यांवर सांगितलं. तिसऱ्या खिडकीने मला पहिल्या खिडकीकडे पाठवलं.

बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत घेऊ शकत नाही. बघितलं तर पाचपैकी तीन रकमा त्याच्या गॅरेजच्या खात्यावर गेल्याच नव्हत्या, दुसऱ्याच कुणाच्या खाजगी खात्यावर होत्या, आणि मी पाठवताना नाव वाचलं नव्हतं. खात्याचं नाव वाचा. दरवेळी वाचा. विमा कंपनीला मी प्रामाणिकपणे सगळं कळवलं, तर त्यांनी न सांगता बदल केल्याबद्दल मलाच नोटीस पाठवली. जे रॉड आत नाहीत, जे टर्बो आत नाहीत, त्यांच्यासाठी माझी पॉलिसी धोक्यात. आणि तो माणूस रोज सकाळी शटर उघडतो. ग्राहक आयोगात दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला त्याचा वकील आला नाही, दुसऱ्या तारखेला माझा.

लोक म्हणतात, हौसेला मोल नसतं, विसरून जा. हौस माझी होती हे मान्य. सुपरकार घेण्याची ऐपत नाही, पण तिच्या बरोबरीने पळण्याची इच्छा होती, त्यात मला काही पाप वाटत नाही. ज्या कामाचे पैसे घेतलेस ते काम कर, इतकंच मागत होतो.

ज्यांनी त्याला आगाऊ रक्कम दिली आहे त्यांनी गाडी आजच बाहेर काढा. नवीन कागद घेऊ नका, डायनोच्या संगणकातली मूळ रन-फाइल (मोजणीची कच्ची नोंद) मागा, आणि गाडी रोलरवर असताना स्वतः शेजारी उभे राहा. त्याने पाठवलेले सगळे मेसेज जपून ठेवा, माझ्या वकिलाला ते लागतील.

गेल्या आठवड्यात त्या तिघांपैकी एकाने त्याला मिळालेल्या ‘नमुना’ कागदाचा फोटो मला पाठवला. गाडी दुसरी, रंग दुसरे, शिक्का तोच, आकडा ८४१. मी फोटो मोठा करून पाहिला. रेषा ३,५०० ला छेदत होत्या.